तंबाखू न खाणाऱ्याची चुन्याची डबी

आमच्या सरांच्या शर्टाच्या खिशात दोन वस्तू कायम असत. एक फिल्टर पेपरच्या बारीक कातरलेल्या पट्ट्यांचं पाकीट आणि दुसरी चुन्याची डबी. डबी पितळेची, वापरून वापरून कडा गुळगुळीत झालेली. गंमत अशी, की सर तंबाखू खात नसत. पान नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. तरी एसटीत शेजारी बसलेला माणूस ती डबी पाहून आपुलकीने जवळ सरकायचा आणि तळहात पुढे करायचा, "भाऊ, जरासा चुना द्या बरं." सर देत. देता देता त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत, आणि पुढचा थांबा यायच्या आत त्याला 'आ' करायला लावत.

मी नोकरीला लागले तेव्हा खिशात फक्त पट्ट्या होत्या. डबी मागाहून आली. ती कशी आली हेच मला सांगायचं आहे, पण आमच्या सरांबद्दल काही सरळ सांगता येत नाही. माणूसच मुळात आडवळणाचा.

वर्ध्याच्या एका धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांची आमची प्रयोगशाळा होती. सर तिचे प्रमुख आणि मी तंत्रज्ञ. प्रमुख म्हणायचं ते मान ठेवून. त्यांच्या हाताखाली मी एकटीच होते, आणि मीही पुष्कळदा ऐकत नसे. लोक त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत आणि सर प्रत्येक वेळी दुरुस्ती करत, "मी डॉक्टर नाई भाऊ. मी रसायनवाला." एरवी ते अस्सल आर्वीकडची वऱ्हाडी बोलत, माझ्याशी, पेशंटशी, संचालकांशीसुद्धा. रागावले मात्र की एकदम पुस्तकी मराठीवर येत. "बाई, आपण ही परीक्षानळी कोणत्या विचाराने धुतलीत?" असं वाक्य कानावर आलं की समजायचं, आज दिवस कठीण आहे. त्यांनी पाहिल्याशिवाय एकही नळी धुवायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम, "आधी डोळा, मग सुई." सुई म्हणजे रंग मोजायच्या यंत्राची. तिच्याकडे बघण्याआधी नळी खिडकीशी धरून आपल्या डोळ्यांनी पाहायची. हे दोन्ही नियम मला तेव्हा म्हातारचळ वाटत असत, आणि ते तेव्हा पन्नाशीचेही नव्हते.

दुपारी डबा खायला बसलो की त्यांची आणखी एक तऱ्हा. स्वतः पोळी वरणात कुस्करून, तिचा अगदी काला करून खात. मग पिशवीतून एक जांब काढून माझ्यापुढे ठेवत. जांब म्हणजे पेरू, आमच्याकडे जांबच म्हणतात. "खा बाई. जरा आवाज होऊ द्या." मी खायची आणि ते मान कलती करून ऐकत बसायचे. कधी फुटाणे आणत, कधी भाजलेल्या शेंगा. सुरुवातीला मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "फुकट जांब मिळते ना? मंग खा ना चुपचाप." मग मी खात गेले. सर स्वतः कधी एक फोडही तोंडात टाकत नसत आणि हसताना हात तोंडावर धरत. याचा कधी मी विचार केला नाही. सात वर्षं रोज समोर बसून केला नाही, इतकी मी हुशार.

पट्ट्यांचं वेड त्यांना परदेशातल्या एका मासिकावरून लागलं. ते मासिक बोटीने यायचं, म्हणजे नवा अंक हातात पडेपर्यंत तो जुना झालेला असायचा. त्यात त्यांनी वाचलं, की दात आणि हिरडी यांच्या फटीत एक थेंबभर पाणी पाझरत असतं, आणि हिरडी आजारी असली तर त्या पाण्यात काही एन्झाइम वाढतात. त्यातलं एक अल्कलाइन फॉस्फेटेज. कावीळ आणि हाडांच्या दुखण्यासाठी आम्ही ते रक्तात रोजच मोजत होतो, द्रावणं कपाटात तयार होती. सर म्हणाले, रक्तात मोजतो तर फटीत काऊन नाही मोजायचं?

मला त्यांनी ते असं समजावलं. "एन्झाइम म्हणजे घरातलं सामान, बाई. घर धड असलं तर सामान आतच राह्यते. भिंत पडली की सामान रस्त्यावर येते. दात मुका असते, तो शेवटी दुखते. तवरीक आपण रस्त्यावर उभं राहून सामान मोजायचं." करायचं एवढंच. दात कापसाने पुसायचा, हिरडीच्या कडेला पट्टी अर्धा मिनिट धरायची, ती नळीतल्या द्रावणात टाकायची, नळी कोमट पाण्यात अर्धा तास ठेवायची आणि शेवटी कॉस्टिक सोड्याचे थेंब घालायचे. एन्झाइम असेल तर नळी पिवळी होते. जितकं जास्त तितकी पिवळी. निरोगी दाताची नळी पाण्यासारखी राहते. एकेका दाताची वेगळी नळी, म्हणजे कोणता दात आजारी आणि कोणता धडधाकट हे वेगवेगळं कळायचं. सरांचा सगळा जीव त्या 'वेगवेगळं' या शब्दात होता.

पण त्यासाठी तोंडं हवीत, आणि तोंडं मिळवायला सर कुठेही मागेपुढे पाहत नसत. एकदा आम्ही दोघं समुद्रपूरच्या शिबिराहून परत येत होतो. जाम गावच्या फाट्यावर गाडी चहाला थांबली. कंडक्टर दात कोरत उभा होता. सरांनी त्याच्याशी गप्पा सुरू केल्या, आणि मी चहा संपवून येते तो कंडक्टर टपरीच्या बाकड्यावर मान मागे टाकून बसलेला, तोंडात चार पट्ट्या, आणि सर घड्याळात बघताहेत. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, कंडक्टरला बोलता येईना. तो नुसता हात हलवायचा. गाडीतल्या बाया खिडकीतून माना काढून बघू लागल्या. "काय झालं वं त्याले?" एकीने मला विचारलं. मी म्हटलं, "काही नाई, त्याच्या हिरड्या मोजून राह्यले." त्या दिवशी जाम ते वर्धा अख्ख्या गाडीने आपापल्या हिरड्या बोटाने चाचपल्या.

आमच्या दवाखान्यात दातांचे डॉक्टर नागपूरहून मंगळवारी आणि शुक्रवारी येत. तरुण, भराभर काम करणारे. सरांच्या पट्ट्यांची ते थट्टा करत. "सर, कागदाला रोग कळतो, मग आम्ही शिकलो कशाला?" माणूस वाईट नव्हता. लांबलांबच्या खेड्यांतून लोक यायचे ते दात हलायला लागल्यावरच. औषध देऊन परत बोलावलं तर परत येतील याचा भरवसा नसायचा. तेव्हा आलेत तर काढून टाकू, म्हणजे त्यांचं दुखणं संपेल, असा त्यांचा हिशेब. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या खोलीतली बादली बाहेर जायची तेव्हा सर आपल्या खोलीचं दार लावून घेत. तेही मी पाहिलं होतं, आणि त्याचाही विचार केला नव्हता.

आता पुंडलिकराव. हे तळेगावचे, म्हणजे आर्वीकडच्या श्यामजी पंतांच्या तळेगावचे. घरी थोडी शेती आणि हंगामात जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे. कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, रांगेने उभ्या राहतात, ग्रेडर एकेका बंडीत कोपरापर्यंत हात घालून बोंड काढतो, धागा ताणून बघतो, आणि मग त्यातली सरकी काढून पुढच्या दातांखाली धरतो. कट्ट वाजली तर माल कोरडा. नुसती चेपली तर ओला. ओला कापूस गंजीत गेला तर आतून तापतो, पिवळा पडतो, सगळी गंजी नासते. आणि कोरड्याला ओला म्हटलं तर ज्याचा कापूस त्याचं वर्ष बुडालं. पुंडलिकरावांच्या दाताखाली जे ठरेल त्यावर वीस वर्षांत कोणी हुज्जत घातली नव्हती, ना मालकाने ना शेतकऱ्याने.

ते एका मंगळवारी आले तेव्हा हंगाम महिनाभरावर आला होता. पुढचे वरचे चार आणि खालचे चार दात दुखत होते, थोडे हलत होते. "सरकी समजत नाई, साहेब," ते डॉक्टरांना म्हणाले. "दाताखाली धरली तं कयतच नाई फुटली का चेपली. मागच्या साली एक बंडी म्या ओली सांगतली, अन् ते कोरडी निंघाली. त्या मानसानं मले काई म्हटलं नाई. पन मले माहीत हाय ना." डॉक्टरांनी दात हलवून पाहिले आणि अर्ध्या थट्टेत म्हणाले, "जा, मागे सरांकडून पट्ट्या लावून या. पाहू कागद काय म्हणतो."

सर तेव्हा परीक्षेच्या कामासाठी नागपूरला गेले होते, गुरुवारी येणार होते. मी एकटी. त्या दिवशी कावीळवाल्यांची रांग होती, एक बाई चक्कर येऊन पडलेली, आणि पाणी कोमट ठेवायचा हीटर मध्येच बंद पडत होता. मी पुंडलिकरावांना खुर्चीत बसवलं, दात पुसल्यासारखे केले, आठ पट्ट्या लावल्या. पट्ट्या काढताना पिवळसर दिसल्या. मला वाटलं, पू असेल. शेवटचे थेंब घालून नळ्या सरळ यंत्रात लावल्या आणि सुई वाचत गेले. आठही आकडे मोठे. इतके मोठे आकडे आम्ही कधी पाहिले नव्हते. मी रिपोर्ट लिहिला, सरांच्या वतीने सही केली, आणि नळ्या कमी होत्या म्हणून त्या आठही लगेच धुऊन टाकल्या. म्हणजे दोन्ही नियम एकाच दुपारी मोडले.

गुरुवारी सर आले तेव्हा टेबलावर दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. "सर, आजवर थट्टा केली, माफ करा. आकडे पाहिले आणि पटलं. तुमच्या पट्ट्यांवर भरवसा ठेवून शुक्रवारी सकाळी आठही दात काढतो आहे." सरांनी ती दोनदा वाचली, खिशात ठेवली, पुन्हा काढून वाचली. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मला वाटलं आता हे मला जांबच काय, पेढेच खायला घालतील. सात वर्षं ज्या माणसाने थट्टा केली होती त्याने लेखी मान्य केलं होतं. मग ते म्हणाले, "आणा बरं तो रिपोर्ट."

रिपोर्ट बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. बोट एकेका आकड्यावरून फिरलं आणि थांबलं. "आठही सारखे?" मी म्हटलं, "हो सर. सगळेच खराब आहेत." ते म्हणाले, "चोर गल्लीत शिरला तर आठही घरं सारखी लुटते का, बाई? एखाद्या घराले कुलूप असते, एखाद्यात कुत्रं असते." मग माझ्याकडे पाहिलं. "नळ्या?" "धुतल्या," मी म्हटलं. "रंग कसा होता?" मी आठवायला लागले. पिवळा म्हणायला तोंड उघडलं आणि आठवलं, की मी रंग पाहिलाच नव्हता.

मला वाटलं आता पुस्तकी मराठी सुरू होणार. पण त्यांनी छत्री घेतली आणि म्हणाले, "चला. उद्या सकाळी पहिला नंबर त्यायचाच आहे. तिथं बोलाले वेळ भेटत नाही." मी घरी निरोप पाठवला आणि आम्ही आर्वीची गाडी धरली, आर्वीहून तळेगावची. अख्ख्या रस्त्यात त्यांनी शेजारच्या माणसाचे दातसुद्धा पाहिले नाहीत. तेव्हा मला खरी भीती वाटली.

पुंडलिकराव अंगणात खाटेवर बसले होते. दवाखाना आपल्या घरी आलेला पाहून ते इतके गडबडले, की उभे राहून त्यांनी स्वतःच 'आ' केला. सरांनी विचारलं, "भाऊ, हिरडीले घरी काय लावता?" उत्तर आतून आलं. त्यांची बायको हातातलं पीठ झटकत दारात उभी होती. "हयद, मीठ अन् तेल. सकाई-संध्याकाई. मंगयवारी तं दवाखान्यात जाचं मनून म्या जास्तीच लावून देल्ली. नाई तं डॉक्टर मनन, याची बायको काई पाहत नाई."

हिरडी दुखली की हळद, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. माझी आई लावायची, मीही लावते. आणि मी त्या माणसाच्या तोंडातल्या पिवळ्या पट्ट्या हातात धरून पू म्हणत बसले होते.

सरांनी एक पट्टी काढून पुंडलिकरावांच्या हिरडीला टेकवली. पट्टी पिवळी झाली. "चुना आहे का?" पुंडलिकरावांनी कमरेची डबी काढली आणि रीतीप्रमाणे तंबाखूही पुढे केली. सरांनी फक्त डबी घेतली, बोटाने कणभर चुना पट्टीवर टेकवला. पिवळी पट्टी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लाल झाली. "अवो बाई!" पुंडलिकरावांची बायको म्हणाली. "हे तं कुंकू झालं!" सर माझ्या कपाळाकडे पाहून हळूच म्हणाले, "पाह्यलं का बाई? तुम्ही रोज लावता. कॉस्टिक सोड्यात हळदीचं हेच झालं असन. नळ्या केशरी असतीन. सुईले केशरी अन् पिवळा वेगळा कळत नाही. ते डोळ्याचंच काम आहे." हळद आणि चुन्याचं कुंकू होतं हे ठाऊक नसलेली बाई महाराष्ट्रात सापडायची नाही. मी डिप्लोमा घेऊन ते विसरले होते.

परतीच्या गाडीत मी पुष्कळ विचार केला. आपण डॉक्टरांना खरं सांगितलं तर ते पुन्हा कधी पट्ट्यांचं नाव काढू देणार नाहीत. सात वर्षांनी मिळालेली चिठ्ठी माझ्या एका दुपारच्या चुकीपायी जाणार. मी म्हटलं, "सर, नुसतं सांगू ना, की पेशंटला ताप आहे, आठ दिवसांनी बोलवा. तोवर आपण नीट तपासणी करून नवे आकडे देऊ. जुना रिपोर्ट कोण बघतंय?"

सरांनी खिडकीबाहेर पाहत उत्तर दिलं. "आपण हे जे म्हणालात, ते मी ऐकलं नाही. आणि आपणही ते म्हणाला नाहीत." वर्धा येईपर्यंत मी मान वर केली नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही दातांच्या खोलीत गेलो तेव्हा पुंडलिकराव खुर्चीत आडवे होते, तोंड उघडं, छातीवर टॉवेल. भुलीची सुई भरून तयार होती. डॉक्टर हसून म्हणाले, "या सर! आज तुमच्या पट्ट्यांचा मुहूर्त." सर म्हणाले, "थांबा. तो रिपोर्ट चुकीचा आहे." आणि मग हळद, चुना, केशरी नळ्या, सगळं सांगितलं. मी मध्येच म्हटलं, की चूक माझी आहे, सर तर इथे नव्हतेच. सरांनी हाताने मला थांबवलं. "पट्टी माझी, चूक माझी."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी या माणसाचे आठ दात चुकीने काढले असते, तुमच्या कागदावर भरवसा ठेवून? मग मी यापुढे त्यावर भरवसा कशाला ठेवू, सांगा."

सरांनी पाठ न फिरवता, हात आड न धरता, तोंडात बोटं घातली आणि आपल्या दातांच्या दोन्ही कवळ्या काढून डॉक्टरांच्या हत्यारांच्या ताटात ठेवल्या. वरची आणि खालची. सात वर्षं त्यांच्यासमोर बसून जांब खाणारी मी भिंतीला टेकले. सरांचे गाल आत गेले होते, एका क्षणात ते सत्तरीचे दिसायला लागले. बोलायला लागले तर शब्दांबरोबर वारा येत होता, आणि बोलले ते पुस्तकी मराठीत नव्हे, वऱ्हाडीत.

"सव्विसाव्या वर्षी काढले. सगळेच्या सगळे. डॉक्टर चांगलाच माणूस होता, तुमच्यासारखाच. म्हने हिरड्या खराब आहेत, काढून टाकू, पुढची कटकट नको. त्यातले खरे खराब किती होते? दोन होते का वीस होते? मले आजपर्यंत माहीत नाही. त्यालेही माहीत नव्हतं. कोनालेच माहीत करून घ्याची सोय नव्हती. म्हनून मी कागद कापत बसतो, डॉक्टर. पट्टी नाही चुकली. आमी हळद पुसली नाही. भरवसा नका ठेवू, पन आठ दिवस द्या."

मला रडू येत होतं आणि रडायची लाजही वाटत होती. तेवढ्यात खुर्चीतून, आतापर्यंत इमानाने तोंड उघडं ठेवलेल्या पुंडलिकरावांचा आवाज आला. "मंग साहेब, म्या तोंड मिटू का आता?"

आधी डॉक्टर हसले. मग सर, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हात तोंडावर न नेता. डॉक्टरांनी दोन्ही कवळ्या उचलल्या, नळाखाली स्वतः धुतल्या, आणि प्रसाद द्यावा तशा दोन्ही हातांनी सरांना दिल्या. "आठ दिवस," ते म्हणाले. "आणि पुंडलिकराव, हळद भाजीत."

पुढच्या शुक्रवारी सरांनी स्वतः पट्ट्या लावल्या. त्याआधी प्रत्येक दाताशी एक कोरी पट्टी टेकवून तिला चुना लावून पाहिला. एकही लाल झाली नाही. नळ्या त्यांनी खिडकीशी ओळीने लावल्या आणि आम्ही तिघं, सर, मी आणि दातांचे डॉक्टर, पोरं पतंगाकडे बघतात तसे माना वर करून पाहत उभे राहिलो. पाच नळ्या पाण्यासारख्या. दोन फिकट. आणि एक, खालच्या डावीकडच्या दाताची, लिंबासारखी पिवळी. सर मला म्हणाले, "आता वाचा सुई." मी वाचली. सुईही तेच म्हणत होती.

डॉक्टरांनी तो एक दात काढला. बाकीच्यांवरचा दगडासारखा झालेला थर हिरडीच्या आतपर्यंत खरवडून काढला, तीनचार खेपा. सरांनी पुंडलिकरावांना तंबाखू सोडायला सांगितलं. त्यांनी कमरेची डबी काढून आमच्या टेबलावर ठेवली. "हे तुमीच ठेवा. माह्याजवळ राह्यली तं मी खाईन." सुटली का तंबाखू? जवळजवळ. पोळ्याला आणि पाहुण्यांच्या लग्नात ते इतरांच्या डबीतून घेत, आणि पुढच्या भेटीत सरांनी विचारायच्या आत कबूल करत. डबी मात्र सरांच्या खिशात गेली ती गेलीच. चुना आधी, पट्टी मग, हा तिसरा नियम झाला, आणि तो मी निवृत्त होईपर्यंत एकदाही मोडला नाही.

पट्ट्यांचं पुढे फार मोठं काही झालं नाही. सरांनी एक निबंध लिहून पाठवला, तो परत आला. दातांचे डॉक्टर मात्र कोणाचेही तीनपेक्षा जास्त दात काढायचे झाले की पेशंटला मागे आमच्याकडे पाठवायचे, आणि मंगळवारी-शुक्रवारी संध्याकाळी सरांनी दार लावून घेणं बंद केलं. याहून जास्त त्यांना काही हवं होतं असं मला वाटत नाही.

निवृत्तीनंतर सर वर्ध्याजवळ नालवाडीला राहायला गेले. हंगाम सुरू झाला की पुंडलिकराव जिनातून येताना पहिल्या बंडीतला मूठभर कापूस रुमालात बांधून त्यांच्याकडे न्यायचे. एके वर्षी मीही योगायोगाने तिथे होते. सर थकले होते, कवळ्या सैल झाल्या म्हणून बहुतेक वेळ काढूनच ठेवत आणि आता त्याची लाज बाळगत नसत. त्यांनी बोंडातून बोटांनी सरकी वेगळी केली आणि पुंडलिकरावांना दिली. पुंडलिकरावांनी ती उरलेल्या पुढच्या दातांखाली धरली. कट्ट.

"कोरडा," सर डोळे मिटून म्हणाले. मग लहान मुलाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पुंडलिकभाऊ, हे आमाले बाहेरून ऐकू येते. तुमाले आतून कसं ऐकू येते?"

पुंडलिकरावांनी पुष्कळ विचार केला. "आतून आवाज येत नाई, सर," ते म्हणाले. "आतून कयते."

सरांनी मान हलवली. मग त्यांनी दुसरी सरकी काढली, चिकटलेला कापूस तिच्यावरून नीट पुसला आणि पुंडलिकरावांपुढे धरली.

"अजून एक फोडा," ते म्हणाले.